काळजीचा हप्ता

दिवाळी अंकासाठी विम्यावर लिहितो आहे, असे मी घरात सांगितले तेव्हा आमच्या सौ.ने सोऱ्या फिरवायचा थांबवला. "सणासुदीला लोकांना दुसरं काही वाचू द्या की," ती म्हणाली. मग चकलीचा तुटलेला वेढा बोटाने जोडीत हळू आवाजात पुढे म्हणाली, "आणि लिहिणारच असाल तर सगळं लिहा."

सगळे लिहायचे तर आमच्या घरच्या जिन्यापासून सुरुवात करायला हवी. पण आधी सहलीची हकिगत सांगतो.

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अंदमानला जाणार होतो. मी, सौ. आणि दोन मुले. मी तालुक्याच्या गावचा शाळामास्तर. कादंबऱ्याही लिहितो, पण त्यांच्या मानधनात फार तर गुहागरपर्यंत जाता येते आणि परतीचे भाडे पगारातून घालावे लागते. अंदमान म्हणजे आमची सहा वर्षांची शिल्लक होती. सेल्युलर जेलविषयी मी वर्गात वर्षानुवर्षे बोलत आलो आहे. १८९६ ते १९०६ या काळात ते बांधले, मधल्या मनोऱ्यापासून सात इमारती निघाल्या होत्या, त्यांतल्या तीनच आज उभ्या आहेत, १९११ साली सावरकरांना तेथे नेले. हे सर्व मी इतक्या वेळा सांगितले आहे की, पाहिल्यासारखे सांगतो. आणि न पाहिलेले पाहिल्यासारखे सांगण्याची मला अलीकडे थोडी लाज वाटू लागली होती. ऑगस्टमध्ये आम्ही आरक्षण केले, तेव्हा गावाचे नाव पोर्ट ब्लेअर होते. सप्टेंबरात सरकारने ते श्री विजयपुरम केले. ऑक्टोबरात आमचे जाणेच रद्द झाले. "बाबा, आपल्या हातून एकच गाव दोनदा गेलं," असे धाकटा म्हणतो.

आता जिना. आमचे घर जुने, दोन मजली; देवघर वरच्या मजल्यावर आणि तिथे जायला चौदा पायऱ्या. माझ्या सासूबाई आमच्याकडेच असतात. सौ. त्यांची एकुलती एक मुलगी. सासरे गेल्यावर त्या इकडे आल्या, त्याला आता बरीच वर्षे झाली. मी त्यांना आई म्हणतो, त्या मला 'मास्तर' म्हणतात. त्या वर्षी त्यांना त्र्याहत्तरावे लागले होते. रोज सकाळी स्नान करून, फुलांची परडी घेऊन त्या जिना चढतात. त्या वेळी सौ. स्वयंपाकघरात डब्यांच्या धांदलीत असते आणि मी जिन्यासमोरच्या खुर्चीवर वर्तमानपत्र वाचत असतो.

श्रावणातल्या एका सोमवारी त्या सहाव्या पायरीवर थांबल्या. डावा हात भिंतीला टेकला, परडी छातीशी धरली. दहा-बारा क्षण गेले असतील. मग पुन्हा चढू लागल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पायरी, तोच भिंतीचा आधार. गौरी-गणपती होईपर्यंत हे मी पाच-सहा वेळा पाहिले. एकदा आमची नजरानजरही झाली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "केवड्याचा वास किती छान येतोय!" मीही 'हो' म्हटले आणि पान उलटले.

मी सौ.ला सांगितले नाही. का सांगितले नाही, हे मला त्या वेळीही ठाऊक होते. सांगितले असते तर तिने दुसऱ्याच दिवशी आईला डॉक्टरकडे नेले असते, डॉक्टरने तपासण्या लिहून दिल्या असत्या, आणि तपासण्यांतून काही निघो वा न निघो, "आईला अशी टाकून मी कुठेही येणार नाही" हे वाक्य माझ्या कानावर पडले असते. माझे सारे मन अंदमानात गुंतले होते. म्हणून मी वेगळेच काही केले. गौरी विसर्जनानंतर एका रात्री, घर झोपल्यावर, मोबाइलवर आमच्या चौघांच्या सहलीचा विमा उतरवला. सारे मिळून चौदाशे रुपये पडले. घरच्या जवळच्या नातेवाइकाच्या गंभीर आजारामुळे सहल रद्द झाली, तर परत न मिळणारी रक्कम कंपनी भरून देणार होती. सकाळी सौ.ला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बरं सुचलं तुम्हाला!" त्या रात्री मला शांत झोप लागली होती. हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

विमा या गोष्टीला मी नावे ठेवीत नाही. आमच्या शिक्षकखोलीत बाराजणांची एक भिशी चालते. विमा ही एक मोठी भिशीच आहे. फरक एवढाच की, भिशीत आपला नंबर लवकर लागावा अशी प्रत्येकाची इच्छा असते आणि विम्यात तो कधीच लागू नये अशी. दुसरा फरक म्हणजे भिशीतली माणसे रोज चहाला भेटतात, विम्यातली जन्मात भेटत नाहीत. कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या चौदाशे रुपयांतून माझे नुकसान भरून निघावे आणि माझ्यातून त्याचे, ही कल्पना मला तर पंगतीइतकी माणुसकीची वाटते. इंग्लंडात १८४९ पासून रेल्वे स्टेशनावर तिकिटाबरोबर अपघाताचा विमा विकत असत. आपल्याकडे संगणकावर रेल्वेचे तिकीट काढताना सप्टेंबर २०१६ मध्ये तो ९२ पैशांत मिळू लागला; अपघातात जीव गेल्यास घरच्यांना दहा लाख. ९२ पैशांत माणूस इतका निर्धास्त पूर्वी कधी झाला नसेल! १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन जे महामंडळ निघाले, त्याने तर आपले ब्रीद थेट गीतेतून घेतले. तेथे भगवंत भक्ताच्या योगक्षेमाची हमी देतात. देवाने स्वीकारलेले काम महामंडळाने अंगावर घेतले, यात मला थट्टेसारखे काही दिसत नाही. असो.

वसुबारसेच्या दिवशी, २८ ऑक्टोबरला, दुपारी अनारशांचे पीठ मळताना सासूबाईंना घाम फुटला आणि डावा हात जड झाला. गावातल्या डॉक्टरांनी ई. सी. जी. काढून ताबडतोब जिल्ह्याच्या ठिकाणी हलवायला सांगितले. तेथे अँजिओग्राफी झाली, दोन रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले, त्याच रात्री दोन स्टेंट बसवले. त्या रात्री रुग्णालयाच्या बाकावर बसून मी एकाच गोष्टीचा हिशेब करीत होतो. श्रावणातल्या त्या सोमवारपासून वसुबारसेपर्यंत किती दिवस झाले? बोटांवर मोजू लागलो की ऐंशीच्या आसपास येऊन चुकत असे आणि मी पुन्हा पहिल्यापासून मोजीत असे.

पाडव्याला त्यांना घरी आणले. ४ नोव्हेंबरला आमचे विमान आमच्यावाचून गेले. त्याचे दुःख कोणालाच झाले नाही, मुलांनादेखील नाही.

तुळशीचे लग्न झाल्यावर सौ. विम्याचा फॉर्म घेऊन बसली. सहलीचे एकूण एक लाख सव्वीस हजार. विमान कंपनीने आणि सहलवाल्यांनी कापून घेतलेले अठ्ठावन्न हजार सहाशे. त्याच्यासाठी मागितलेली कागदपत्रे पाहून मला शाळेच्या तपासणीची आठवण झाली. डॉक्टरचे प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड, तिकिटे रद्द केल्याच्या पावत्या, आजारी व्यक्तीशी नाते दाखवणारा कागद आणि एक रद्द केलेला चेक. "सहल रद्द, तिकिटं रद्द, आणि आता चेकसुद्धा रद्द केलेलाच हवा!" असे म्हणून सौ. कितीतरी दिवसांनी हसली. नातेवाइकांच्या यादीत सासू होती. आत्या, मावशी, काकू नव्हत्या. ज्या घरात आत्येने पोरे वाढवली तेथे तिच्या आजाराने सहल रद्द झाली, तर कंपनीच्या लेखी ती बाई परकी. नात्यांची यादी करणाऱ्याने आपल्याकडचे लग्नघर एकदा तरी पाहायला हवे होते.

फॉर्मवर एक रकाना होता, 'नुकसान'. त्यात रुपये लिहायचे. त्याच्या वरचा रकाना, 'घटना'. त्यात आईचा आजार. आईचा आजार ही घटना आणि अंदमान हे नुकसान! कंपनीचा यात काही दोष नाही. तिने ज्या गोष्टीचा विमा घेतला तिचेच नुकसान ती विचारणार. पण ते दोन रकाने एकाखाली एक पाहून मला वाटले, गौरी विसर्जनाच्या रात्री मी माझ्या मनात हेच दोन रकाने याच क्रमाने आखले होते.

मग सौ.ने वाचले, "आजाराची लक्षणे प्रथम केव्हा दिसली?" आणि स्वतःच उत्तर देत लिहिले, 'दि. २८ ऑक्टोबर'. डॉक्टरांनीही घरच्यांनी सांगितले तेच लिहिले होते. तिच्या लेखी ते अक्षरशः खरे होते. पॉलिसी माझ्या नावावर, म्हणून सही माझी. सहीच्या वर छापले होते की, वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व पूर्ण आहे. मी म्हटले, "पेन चालत नाही, उद्या करतो."

मी मुलांना मराठी शिकवतो. पत्रलेखनात रजेचा अर्ज असतोच. तीस मुलांपैकी वीसजण 'घरी आजी आजारी असल्यामुळे' असे लिहितात, आणि मी व्याकरण तपासून पैकीच्या पैकी गुण देतो. आजी खरोखर आजारी आहे काय, असे आजवर एकालाही विचारलेले नाही. आजारी आजी ही आपल्याकडे फार लहानपणापासून सवलतीची वस्तू असते.

दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत मी नाव-गाव न सांगता प्रश्न टाकला. सर्वांचे एकमत झाले. कंपन्या लुबाडतात, शंभर कलमे बारीक अक्षरांत छापतात, तेव्हा मिळेल ते सोडू नये. हे मत मला पटले नाही, कारण पैसे कंपनीचे नव्हते. त्या न दिसणाऱ्या भिशीतल्या माणसांचे होते. पण मला सुटका हवी होती, म्हणून मी आमच्या गल्लीतल्या वकिलांकडे गेलो. कायद्याशी माझ्यासारख्या मास्तराचा संबंध नागरिकशास्त्राच्या पुस्तकापुरता. वकिलांनी मात्र मला मनापासून एक जुना खटला सांगितला.

सुमात्रा बेटावर फोर्ट मार्लबरो नावाचे इंग्रजांचे ठाणे होते. तेथील गव्हर्नर कार्टर याने ते ठाणे परकीय शत्रूच्या हाती पडल्यास भरपाई मिळावी असा विमा लंडनमध्ये उतरवला. १७६० साली फ्रेंचांनी ठाणे घेतले. विमा देणारा बोहम म्हणाला, ठाणे कच्चे आहे आणि फ्रेंच येण्याचा संभव आहे हे तुला ठाऊक होते. तू ते लपवलेस. १७६६ मध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी निकाल दिला. विमा मागणाऱ्याला जे ठाऊक असते ते देणाऱ्याला नसते, तो विश्वासावर चालतो. म्हणून महत्त्वाची गोष्ट दडवता कामा नये, आणि हे बंधन दोन्ही पक्षांवर आहे. विम्यातला परम सद्भाव म्हणतात तो हाच. आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यातही तो लिहिलेला आहे. आता गंमत अशी की, हे तत्त्व ज्या खटल्यात सांगितले गेले तो खटला जिंकला कार्टरनेच! ठाण्याची अवस्था काही गुपित नव्हती, विमा देणाऱ्याला चौकशी करता आली असती, असे ठरले.

"तेव्हा मास्तर, तुम्ही कार्टर आहात," वकील म्हणाले. "जिन्यावर थांबणं म्हणजे रोगाचं निदान नव्हे. तुम्ही काय डॉक्टर आहात? खुशाल सही करा."

मी बाहेर पडलो तो हलक्या मनाने. पण बोळाच्या टोकाशी पोहोचेपर्यंत ते मन पुन्हा जड झाले. तटबंदी कच्ची आहे हे कळल्यावर कार्टरने विमा उतरवला. पण तटबंदीचे त्याने काय केले? खटल्यात तो प्रश्न महत्त्वाचा नव्हता. न्यायाधीशाने पाहायचे ते एवढेच की, कार्टर बोहमशी कसा वागला. ठाण्यातल्या माणसांशी तो कसा वागला, हे पाहण्याचे काम कोणत्या न्यायालयाचे?

माझी अडचण त्या फॉर्ममध्ये नव्हतीच. अर्थशास्त्रवाले म्हणतात की, विमा उतरवला की माणूस निष्काळजी होतो. आगीचा विमा असला की गोदामाचा मालक विडी कुठे टाकली ते पाहत नाही. त्याला ते नैतिक धोका असे भारदस्त नाव देतात. पण गोदामाच्या मालकाने विमा गोदामाचाच काढलेला असतो आणि निष्काळजीही तो गोदामाविषयीच होतो. मी विमा काढला सहलीचा आणि निष्काळजी झालो माणसाविषयी. मराठीत आपण 'काळजी वाटते' म्हणतो आणि 'काळजी घेतो' असेही म्हणतो. शब्द एकच, म्हणून आपल्याला वाटते की पहिली आली म्हणजे दुसरी मागोमाग येणारच. मला काळजी वाटत होती, हे अगदी खरे. ती डसत होती म्हणून तर मी सहाव्या पायरीकडे पाहत होतो. त्या डसण्याने मला एक ना एक दिवस बोलायला लावले असते. चौदाशे रुपये भरून मी ते डसणे बंद केले. पुढेही सासूबाई थांबल्याच असतील. पण त्या थांबलेल्या मला दिसल्या, अशी ऑक्टोबरातली एकही सकाळ मला आठवत नाही. विमा नसता, तर निदान अठ्ठावन्न हजार बुडण्याच्या धास्तीने तरी मी त्यांना वेळेवर डॉक्टरकडे नेले असते, असाही एक विचार येतो. लोभाने जे सत्कृत्य घडले असते ते सावधगिरीने हुकवले! किंवा कोण जाणे, धास्तीने मी ते अधिकच दडवले असते. माझी स्वतःविषयी तेवढी खात्री उरलेली नाही.

त्या रात्री मी सौ.ला सांगितले. श्रावणातला सोमवार, भिंतीवरचा हात, केवडा, विमा, सगळे. ती रागावेल अशी माझी अपेक्षा होती; रागावलेल्या माणसाशी निदान बोलता येते. तिने फॉर्म उचलला, '२८ ऑक्टोबर' या आकड्यांकडे पाहिले आणि विचारले, "मी 'बरं सुचलं' म्हटलं तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"चहा घेतला," मी म्हणालो. मला तेवढेच आठवत होते.

पुढे बरेच दिवस ती माझ्याशी व्यवस्थित बोलली; नको इतकी व्यवस्थित बोलली.

फॉर्मबरोबर मी एक वेगळा कागद जोडला. श्रावणापासून सासूबाई जिना चढताना थांबत, हे मी पाहिले होते. त्यांना तेव्हा डॉक्टरांना दाखवले नव्हते. हे पाहिल्यानंतर मी विमा उतरवला. तीन वाक्ये. कादंबरीकाराला तीन वाक्ये लिहायला अख्खी संध्याकाळ लागली. चौथ्या वाक्यात मी आपली बाजू मांडायला सुरुवात केली होती, ते खोडले.

मार्गशीर्षात एका दुपारी सासूबाई ओसरीवर ऊन खात बसल्या होत्या. लेकीने त्यांना सांगितले असावे. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही बघत होता ते मला दिसत होतं."

मी गप्प राहिलो.

"मला वाटायचं, आता विचारतील, मग विचारतील. पण म्हटलं, पोरं समुद्र बघून येऊ देत आधी. तुम्ही विचारलं असतंत ना, तरी मी नाहीच म्हटलं असतं."

हे सांत्वन होते की आरोप, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. दोघांनी एकच गोष्ट लपवली, एकाच सहलीसाठी लपवली. त्यांनी ती स्वतःच्या जिवावर लपवली. मीही त्यांच्याच जिवावर लपवली.

जानेवारीत कंपनीचे उत्तर आले. तोवर दोनदा आणखी कागद मागून झाले होते. आता नकार आला तर विमा लोकपालाकडे जायचे, असा वकिलांचा बेत तयार होता. पण नकार आला नाही. पॉलिसीआधी ज्या आजाराचे निदान वा उपचार झालेला नाही, तो आमच्या व्याख्येप्रमाणे पूर्वीचा आजार ठरत नाही, असे कळवून त्यांनी नियमाप्रमाणे थोडी रक्कम वजा करून एक्कावन्न हजार दोनशे रुपये खात्यावर जमा केले. माझ्या तीन वाक्यांचा त्यात उल्लेखही नव्हता. म्हणजे जे मी दडवणार होतो, ते त्यांच्या दृष्टीने दडवण्याजोगे नव्हतेच. वकिलांनी पेढे मागितले. मी ते पत्र सौ.पुढे ठेवले. तिने वाचून घडी घातली.

"त्यांचं काय," ती म्हणाली, "त्यांच्या घरात तो जिना नाही."

पैसे काही महिने तसेच पडून होते. अंदमानला पुन्हा जायचे नाव मी काढले नाही, दुसऱ्या कोणीही काढले नाही. शेवटी त्यांतून सुताराला बोलावून देवघर खाली आणले. सागवानी चौकट, पितळी घंटा, दोन कप्पे. सासूबाईंनी दोन दिवस सुताराच्या मागे उभे राहून काम करून घेतले. आता वर काही राहिले नाही, म्हणून आम्ही निश्चिंत होणार, तोच त्या पापड वाळवायला गच्चीवर जाऊ लागल्या. 'मी वाळत घालतो' असे मी सुचवून पाहिले. माझे पापड एकावर एक पडतात, असे उत्तर मिळाले.

परवा सकाळी त्या चढता चढता सहाव्या पायरीवर थांबल्या. मी वर्तमानपत्र टाकून उठलो, तोच मागून सौ.ही लाटणे घेऊन धावत आली.

"अहो मास्तर, बसा," त्या मागे न वळता म्हणाल्या, "पदर अडकलाय."

आम्ही दोघेही वर गेलो. पदर खरोखरच कठड्याच्या खिळ्याला अडकला होता.